पास्त्याच्या आकारांच्या प्रकल्प नोंदी: फेब्रुवारी ते जून २०२५

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

स्वयंपाकघरातील फडताळ आवरताना पास्त्याची अर्धवट वापरलेली सात पाकिटे निघाली: पेन्ने, फार्फाले, फुसिल्ली, रिगातोनी, बुकातिनी, दितालिनी आणि केसासारखी बारीक कापेल्ली दांजेलो. गेली कित्येक वर्षे हे सगळे आकार मी एकाच टोमॅटोच्या सॉसमध्ये शिजवून वाढत आले आहे. काही पाकिटे आठवड्यात संपतात आणि काहींना घरात कोणी हातही लावत नाही, असे का होते याचा नीट शोध घ्यायचे ठरवून ही वही सुरू केली आहे.

ठरवलेली पद्धत अशी आहे. प्रत्येक आकार निदान दोनदा आणि दोन वेगळ्या सॉसबरोबर करून पाहायचा. किमान तीन आकार हाताने वळायचे. आणि बिघडलेले पदार्थही वेळ व खर्चासह नोंदवायचे. आमच्या घरी अंडी चालतात, मासे आणि मांस चालत नाही. त्यामुळे इटलीतील काही जोड्या मला मूळ रूपात करता येणार नाहीत; जेथे बदल केला तेथे तसे लिहीन.

शिजवण्याचे माप कायम ठेवले आहे: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. सॉसमध्ये घालण्यासाठी पास्ता शिजलेले पाणी दर वेळी एक वाटी बाजूला काढून ठेवायचे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून पाकिटावरील वेळेत एक मिनिट वाढवून धरावे लागते. हे आज पहिल्याच पातेल्यात लक्षात आले.

सुरुवात पेन्नेपासून, म्हणजे तिरप्या तोंडाच्या नळ्यांपासून केली. नळीचे तोंड तिरपे कापणाऱ्या यंत्राचे पेटंट जेनोव्हाजवळच्या सान मार्तिनो दाल्बारो येथील जोव्हान्नी बात्तिस्ता कापुर्रो यांनी १८६५ मध्ये घेतले होते. आडव्या कापापेक्षा तिरप्या कापाने नळीचे तोंड मोठे होते आणि पातळ सॉस आत सहज शिरतो, हे दोन्ही प्रकारे कापलेले तुकडे शेजारी ठेवून पाहिले. लसूण, सुकी मिरची आणि टोमॅटोच्या सॉसबरोबर रेघांचे पेन्ने उत्तम लागले. नात्यातील एका मुलाने बाहेरून आणलेले गुळगुळीत पेन्नेही त्याच सॉसमध्ये घातले, तेव्हा सॉस ताटलीच्या तळाशी उरला आणि पास्ता फिकाच राहिला. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इटलीत टाळेबंदीच्या भीतीने दुकाने रिकामी झाली, तेव्हा फळ्यांवर गुळगुळीत पेन्ने तेवढे शिल्लक राहिल्याची छायाचित्रे सर्वत्र पसरली होती. त्या ग्राहकांचे म्हणणे मला आज पटले.

८ फेब्रुवारी, शनिवार

फार्फाले, म्हणजे फुलपाखरे. मुलाच्या आग्रहाने आणलेले आणि त्यानेच एकदा खाऊन सोडून दिलेले हे पाकीट. त्यावर ११ मिनिटे लिहिलेली आहेत. नवव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक फुलपाखरू बाहेर काढून मधोमध कापले. नवव्या मिनिटाला पंख खाण्याजोगे झाले होते, पण चिमटलेल्या जागी पांढरी, कोरडी गाठ होती. अकराव्या मिनिटाला गाठ कच्चट आणि पंख मऊ. तेराव्या मिनिटाला गाठ शिजली, परंतु तोवर पंख लुळे पडून त्यांच्या कडा विरघळू लागल्या होत्या. कारण उघड आहे: चौकोनी तुकडा मध्यभागी चिमटला की तेथे पिठाचे थर एकावर एक बसतात, आणि पंखाला जेवढा वेळ पुरतो तेवढ्यात पाणी या गाठीच्या आतपर्यंत पोहोचत नाही.

यावर तीन उपाय केले. पहिला, आच बंद करून झाकण ठेवणे. यात पंख आणखी फुगले. दुसरा, शिजवण्याआधी अर्धा तास गार पाण्यात भिजवणे. हा सर्वात वाईट ठरला, कारण आधी पंखच भिजले, उकळत्या पाण्यात ते तुटले आणि २०० ग्रॅमचा लगदा झाला. तिसरा, दहाव्या मिनिटाला काढून उरलेले शिजवणे सॉसमध्ये करणे. यात मधली गाठ बरी झाली, पण ढवळताना एकतृतीयांश पंख फाटले. एकूण ४०० ग्रॅम पास्ता आणि जवळजवळ तीन तास खर्ची पडले.

उत्तर इटलीतील एमिलिया प्रांतात हाच आकार अंड्याच्या ताज्या, पातळ लाटलेल्या पारीचा करतात आणि त्याला स्त्रिकेत्ती म्हणतात. तेथे पारीच इतकी पातळ असते की चिमटीतील गाठही लवकर शिजते. तेव्हा दोष कल्पनेचा नसून सुक्या आणि जाड रूपाचा आहे, असे माझे मत झाले. मोटारींचे आराखडे करणारे जॉर्जेत्तो जुजारो यांनी १९८३ मध्ये मारिल्ले नावाचा पास्त्याचा आकार रेखाटला होता. तो दिसायला फार देखणा होता, पण बाजारात टिकला नाही. पातेल्याचा विचार रेखाटनाच्या आधी झाला पाहिजे, हे फार्फाले कापताना वारंवार जाणवत होते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फार्फालेला आणखी एक संधी दिली. शिजवून, निथळून, तेल लावून गार केले आणि काकडी, टोमॅटो, तुळशीच्या कुळातील बेसिल व लिंबू घालून थंडच वाढले. गार झाल्यावर पंख पुन्हा थोडे आवळतात, त्यामुळे हे खाण्याजोगे झाले. उरलेले पाकीट याच रीतीने संपवायचे.

१६ फेब्रुवारी, रविवार

हाताने वळण्याच्या कामाला आज प्रारंभ केला आणि पूर्ण दिवस वाया गेला. दक्षिण इटलीतील बिनअंड्याचा पास्ता ड्युरम या कठीण दाण्याच्या गव्हाच्या पिठाचा आणि पाण्याचा असतो, एवढे वाचून मी घरातील उपम्याचा रवा घेतला. ५०० ग्रॅम रव्यात २५० ग्रॅम कोमट पाणी घालून वीस मिनिटे मळले, तरी गोळा वाळूसारखा सुटत राहिला. आणखी ५० ग्रॅम पाणी घातले तेव्हा तो चिकट झाला, पण एकजीव झाला नाही. वळलेले तुकडे उकळत्या पाण्यात फुटून पेज तयार झाली.

चुका दोन होत्या. उपम्याचा रवा भरड असतो, त्यामुळे पाणी दाण्याच्या आत मुरत नाही. शिवाय तो बहुधा साध्या गव्हाचा असतो. इटलीत यासाठी जे पीठ वापरतात त्याचे नावच ‘पुन्हा दळलेला रवा’ अशा अर्थाचे आहे. सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असला पाहिजे असा कायदा त्या देशाने १९६७ मध्ये केला, यावरून हा फरक किती महत्त्वाचा मानला जातो ते समजते.

दुरुस्ती म्हणून मैद्याचाही प्रयोग केला. मैद्याचा गोळा सुंदर मळला गेला, परंतु बोटाने खळगा पाडला की तो पुन्हा भरून येतो आणि तुकडा आखडतो. ड्युरमचा गोळा असा मागे खेचला जात नाही, त्यावर पाडलेला ठसा तसाच राहतो. हाताने वळायच्या सर्व आकारांचे मूळ या एका गुणात आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आयात केलेले ड्युरमचे बारीक पीठ किलोला ४२० रुपये पडले. चाचणीसाठी एवढी किंमत परवडणारी नाही, म्हणून शोध घेतला, तेव्हा मंडईजवळच्या एका जुन्या दुकानात बन्सी रवा ९० रुपये किलोने मिळाला. बन्सी हा आपल्याकडचा ड्युरम गहूच आहे. हा रवा मिक्सरमध्ये थोडा थोडा करून पुन्हा दळला, मैद्याच्या चाळणीने चाळला आणि वर राहिलेला चाळ पुन्हा फिरवला. एका किलोला ४० मिनिटे लागली. मिक्सरचे भांडे तापते, म्हणून मध्ये दोनदा थांबावे लागले.

५०० ग्रॅम पीठ, २५० ग्रॅम कोमट पाणी, पंधरा मिनिटे मळणे आणि ओल्या पंचाखाली अर्धा तास तिंबत ठेवणे. गोळा पिवळसर, घट्ट आणि गुळगुळीत झाला. आयात केलेल्या पिठाच्या गोळ्याशेजारी ठेवून पाहिला. हाताला हा किंचित खरखरीत लागतो, शिजल्यावर फरक मला तरी कळला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

कावातेल्ली. पिठाची करंगळीएवढी जाड सुरळी करून तिचे बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे पाडायचे, त्यांवर दोन बोटे दाबून आपल्याकडे ओढायची, की तुकडा बोटांभोवती वळून शिंपल्यासारखा होतो. पहिले तीसेक तुकडे चपटे झाले, कारण मी दाबत होते, ओढत नव्हते. नंतर मात्र हाताला आपोआप लय सापडली आणि त्याचे कारणही आठवले. लहानपणी आजीजवळ बसून मी लग्नघरासाठी वळवट केले होते: गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या. नखुलीला नखाचा जो दाब लागतो आणि बोटवीला बोटांची जी घसट लागते, तीच येथे मोठ्या मापात करायची आहे. आपल्याकडे हे सारे खिरीत जाते, तिकडे ते कडधान्यात आणि भाजीत जाते, आणि आकाराला नाव देण्याची हौस दोन्हीकडे सारखीच दिसते. ज्यांच्या घरी वळवट करणारी वडीलधारी बाई आहे, त्यांनी तिला शेजारी बसवूनच हे काम सुरू करावे, असे मी आग्रहाने सांगते.

५०० ग्रॅम पिठाला एकटीला दोन तास वीस मिनिटे लागली. दक्षिण इटलीतील पुलिया प्रांताच्या रीतीप्रमाणे काबुली चण्यांबरोबर केले: अर्धे चणे अख्खे ठेवले, अर्धे वाटून त्यांचा दाट रस केला, लसूण आणि ऑलिव्ह तेल घातले. खळग्यात नेमका एक चणा बसतो. दुसऱ्यांदा पातळ टोमॅटो सॉसबरोबर केले, ते साधारणच लागले. खळग्याला धरून ठेवायला काही हवे असते. आवडत्या आकारांत पहिले नाव कावातेल्लीचे लिहिले आहे.

२ मार्च, रविवार

ओरेक्किएत्ते, म्हणजे छोटे कान. पुलियाची राजधानी बारी येथील जुन्या शहरात, आर्को बास्सोच्या गल्लीत बायका दाराशी लाकडी फळ्या मांडून हे कान वळताना दिसतात. त्यांची चित्रफीत मी अनेकदा मंद गतीने पाहिली, तरीही पहिल्या दीड तासात एकही कान धड झाला नाही. तीन चुका झाल्या, त्या क्रमाने लिहिते.

पहिली चूक पृष्ठभागाची. मी स्वयंपाकाच्या ओट्यावर, म्हणजे ग्रॅनाइटवर काम करत होते. गुळगुळीत दगडावर तुकडा सुरीबरोबर घसरत जातो आणि वळत नाही. पॉलिश नसलेला जुना सागवानी पोळपाट घेतला, तेव्हा लाकडाने पिठाला धरून ठेवले आणि कानाची बाहेरची बाजू खरखरीतही झाली. या खरखरीतपणावरच पुढे सॉस टिकतो. पोळपाट लहान असल्यामुळे काम सावकाश होते, म्हणून सुताराकडून दोन फूट लांबीची, रंधा मारलेली पण पॉलिश न केलेली फळी ३५० रुपयांना करून घेतली.

दुसरी चूक सुरीची. दातेरी सुरीने पीठ फाटते आणि धारदार सुरीने कापले जाते. लोणी लावण्याची, गोल टोकाची बोथट सुरी हवी.

तिसरी चूक समजायला सर्वात जास्त वेळ लागला. सुरीने ओढल्यावर तुकडा तिच्या पात्याभोवती गुंडाळला जातो. तो तसाच सोडला तर लांबट शिंपला होतो. त्याला अंगठ्याच्या टोकावर टोपीसारखा उलटा घालावा लागतो, म्हणजे आतली बाजू बाहेर येते, मधला भाग पातळ राहतो आणि कड जाड होते. मी उलटवताना दोन्ही हातांनी ताणत होते, त्यामुळे मध्यभागी भोक पडत होते. अंगठा स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने फक्त कड खाली ओढायची, ही युक्ती सापडली आणि शेवटच्या तासात दीडशे कान झाले.

येथे जाडीतील फरक फार्फालेसारखाच आहे, हे मला खटकले होते. शिजवून पाहिल्यावर उलगडा झाला: तुकडा लहान आहे आणि जाडी हळूहळू वाढत जाते, त्यामुळे मध्य मऊ होतो तेव्हा कड किंचित चावून खावी लागते, पण कच्ची राहत नाही. ताजे ओरेक्किएत्ते पाच मिनिटांत होतात.

मूळ जोडी चीमे दी रापा या सलगमाच्या कुळातील कडसर पालेभाजीची आहे, आणि तिच्यात खारवलेले अँचोव्ही मासे घालतात. मी मुळ्याचा कोवळा पाला घेतला आणि मासे वगळले. पाला ज्या पाण्यात उकळला त्याच पाण्यात पास्ता शिजवला, म्हणजे पाल्याचा कडवटपणा पास्त्यात उतरतो. लसूण, सुकी मिरची आणि ऑलिव्ह तेलात दोन्ही परतले. चीजऐवजी शिळ्या पावाचा चुरा तेलात खमंग भाजून वर घातला. दक्षिणेतील गरीब घरांची ही जुनी रीत आहे आणि तिने मोठा खर्च वाचतो. पाला बारीक चिरावा, कारण लांब पाने कानाच्या वाटीत बसत नाहीत. चार माणसांच्या जेवणाचा खर्च १६० रुपयांच्या आत झाला. माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकल्पातील हा सर्वोत्तम पदार्थ आहे.

९ मार्च, रविवार

मोठे नुकसान. एका किलो पिठाचे ओरेक्किएत्ते आणि कावातेल्ली वळून, वाळवणाच्या सवयीने गच्चीवर सुती धोतरावर पसरले. सकाळी अकरा ते दुपारी चार एवढ्या कडक उन्हात ते खणखणीत वाळले, म्हणून मी समाधानाने डब्यात भरले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक तुकड्यावर केसासारख्या तडा होत्या आणि उकळत्या पाण्यात कानांचे दोन-दोन तुकडे झाले. पाच तासांची मेहनत आणि ९० रुपयांचे पीठ गेले.

शेवया आणि कुरडया उन्हात वाळतात, कारण त्यांची तार बारीक असते. जाड तुकड्याचा वरचा पापुद्रा उन्हात आधी आकसतो आणि कडक होतो, आत मात्र ओल राहते. ती ओल पुढे सरकू लागली की वरचा कडक थर तडकतो.

१६ मार्च, रविवार

नेपल्सजवळच्या ग्रान्यानो येथे यंत्रे येण्यापूर्वी पास्ता तीन टप्प्यांत वाळवत असत: आधी वरचा थर किंचित सुकवायचा, मग थंड व दमट तळघरात ठेवून आतली ओल पृष्ठभागावर येऊ द्यायची, आणि शेवटी सावकाश वाळवायचे. हाच क्रम मी घरात बसवला. वळलेले तुकडे पंख्याखाली ४० मिनिटे ठेवले. नंतर बंद खोलीत, दुहेरी सुती कापडाखाली सहा तास. मग पुन्हा तासभर पंखा आणि पुन्हा रात्रभर कापड. असे तीन दिवस केले. एकही तडा गेला नाही.

वाळल्याची खूण कोणती, हा प्रश्न उरला होता, कारण दाबून पाहण्यावर माझा आता विश्वास नव्हता. त्यासाठी वजनाचा आधार घेतला. पिठात मुळातच सुमारे १२ टक्के ओल असते, आणि इटलीच्या नियमाप्रमाणे सुक्या पास्त्यात १२.५ टक्क्यांपेक्षा अधिक ओल चालत नाही. म्हणजे मळताना घातलेले पाणी जवळजवळ सगळे निघून गेले पाहिजे आणि वाळलेल्या पास्त्याचे वजन घेतलेल्या पिठाएवढेच भरले पाहिजे. माझे ५०० ग्रॅम पिठाचे ओरेक्किएत्ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ५०४ ग्रॅम भरले. ही कसोटी कोणालाही घरच्या काट्यावर करता येते आणि मी तिच्यावर पूर्ण विसंबण्यास तयार आहे.

२३ मार्च, रविवार

कापेल्ली दांजेलो, देवदूताचे केस. आठवडाभर या आकाराविषयी माझे मत वाईट होते. बुधवारी भाजीच्या जाड सॉसमध्ये घातले, तेव्हा दोन मिनिटांत त्यांचा चिमटीतही न सुटणारा गोळा झाला. शुक्रवारी लोणी आणि चीज लावून पाहिले, तर ताटलीत येईपर्यंत ते एकमेकांना चिकटून थंड झाले. आज गाजर, कांदा, सेलरी आणि मिरी घालून दोन तास उकळलेल्या भाज्यांच्या पातळ, गाळलेल्या रसात शिजवले आणि ते रसातच वाढले. तारा मोकळ्या राहिल्या आणि आजारातून उठलेल्या सासूबाईंनी दोनदा मागून घेतले. इटलीतही हा आकार मुख्यतः अशा पातळ रसातच वाढतात. शेवयांची खीर पातळच का करावी लागते हे मला ठाऊक होते, तरी ते ज्ञान येथे वापरण्यास मी तीन दिवस लावले. नावडत्यांच्या यादीतून हे नाव खोडले आहे, मात्र पातळ रस सोडून कशातही घालणार नाही.

६ एप्रिल, रविवार

मागील रविवारी गुढीपाडवा असल्यामुळे काम थांबले होते. आज अंड्याचा पास्ता केला. एमिलियाचे माप १०० ग्रॅम मैद्याला एक अंडे असे आहे. आपल्याकडची अंडी लहान असल्यामुळे तीन अंड्यांना २७० ग्रॅम मैदाच पुरेसा झाला. पहिल्यांदा ३०० ग्रॅम घेतला, तो गोळा लाटताना कडेला फाटत होता.

अर्ध्या पिठाचे ताल्यातेल्ले, म्हणजे लांब चपट्या पट्ट्या, कापले. शिजलेल्या ताल्यातेल्लेची रुंदी ८ मिलिमीटर असावी, असे ठरवून तिचा सोन्याचा नमुना एमिलियातील बोलोन्या शहराच्या व्यापार मंडळात १९७२ मध्ये ठेवण्यात आला, आणि हे माप तेथील आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग आहे असे सांगतात. शिजताना पट्टी रुंदावते, म्हणून मी कच्ची पट्टी साडेसहा ते सात मिलिमीटर कापली आणि शिजल्यावर मोजपट्टीने ८ भरली, याचे मला मनापासून समाधान वाटले. बोलोन्यात हिच्यावर मांसाचा रागू असतो. मी अळंबी बारीक चिरून, गाजर-कांद्यासह दीड तास मंद आचेवर आटवली. अंड्याच्या पारीला लाटण्याचा जो खडबडीतपणा येतो, त्याला असा बारीक दाण्याचा सॉस चिकटून राहतो.

दुसऱ्या अर्ध्या पिठाचे गार्गानेल्ली. पारीचा चार सेंटिमीटरचा चौकोन बारीक काडीवर कोपऱ्याकडून गुंडाळायचा आणि फणीवर दाबून फिरवायचा, म्हणजे रेघांची नळी तयार होते. एमिलियाला लागून असलेल्या रोमान्यातील बायका यासाठी पूर्वी मागाची फणी वापरीत. मी केसांची नवी लाकडी फणी ८० रुपयांना आणून, धुऊन, खोबरेल लावून वापरली. सासूबाई अमरावतीकडच्या. त्या बाजूला बसून पाहत होत्या आणि म्हणाल्या, “अगं, हे तर आमचे सरगुंडे. काडीवर असेच वळतो, आणि उकडून आमरसाबरोबर खातो.” त्यांनी काडी हातात घेतली आणि माझ्या दुप्पट वेगाने नळ्या वळल्या.

अडचण अशी आली की एप्रिलच्या कोरड्या हवेत कापलेले चौकोन पाच मिनिटांत सुकतात आणि मग जोड चिकटत नाही. पहिल्या साठ नळ्यांपैकी वीस पाण्यात उघडल्या. एका वेळी दहाच चौकोन कापले, बाकी पारी ओल्या कापडाखाली ठेवली आणि जोडावर काडी अधिक जोराने फिरवली, तेव्हा पुढच्या नळ्या टिकल्या. मटार आणि थोड्या सायीबरोबर चव फार चांगली आली, एकेक मटार नळीत शिरला. तरीही दोघींनी मिळून तीन तासांत चार माणसांचेही पुरेसे झाले नाही. आकार मला आवडतो, पण सणासुदीखेरीज पुन्हा करणार नाही.

१३ एप्रिल, रविवार

बुकातिनी, मधोमध भोक असलेली जाड स्पॅगेटी. रोममध्ये टोमॅटो आणि मांसाचा आमात्रिचियाना सॉस याच्यावर घालतात, तर ज्या आमात्रिचे गावाचे नाव त्या सॉसला मिळाले ते गाव स्पॅगेटीचा आग्रह धरते. मी गावाच्या बाजूने आहे. बुकातिनी काट्यावर गुंडाळली की स्प्रिंगसारखी उसळते आणि सॉस कपड्यांवर उडतो. भोकात सॉस शिरतो ही समजूत मी कापून तपासली, तर आत फक्त पाणी होते. दोन वेगळ्या सॉसनंतरही मत बदलले नाही. नावडत्या यादीत फार्फालेच्या खालोखाल बुकातिनी.

२० एप्रिल, रविवार

फुसिल्ली आणि दितालिनी एकाच दिवशी उरकले. फुसिल्लीच्या मळसूत्रासारख्या पेडांत बेसिलचा वाटलेला पेस्तो चांगला अडकतो. यापलीकडे लिहिण्यासारखे काही नाही. दितालिनी राजम्याच्या दाट सुपात घातले. दाणा आणि नळी एकाच मापाची असल्यामुळे चमच्यात दोन्ही एकदम येतात, म्हणून हा आकार चमच्याने खाण्याच्या पदार्थांसाठी ठेवावा. घरात वरणफळे ज्यांना प्रिय आहेत त्यांना हे हमखास आवडेल.

४ मे, रविवार

रिगातोनी, म्हणजे रेघांच्या रुंद नळ्या, दुकानातील पाकिटांपैकी माझा सर्वात आवडता आकार. सिसिली बेटावरील कातानिया शहराच्या रीतीने वांग्याचा ‘नोर्मा’ सॉस केला. पहिल्या वेळी भरताचे वांगे मोठ्या फोडींत तळले, तेव्हा फोडी वेगळ्या आणि नळ्या वेगळ्या राहिल्या. दुसऱ्या वेळी दीड सेंटिमीटरच्या फोडी केल्या, मीठ लावून अर्धा तास निथळवल्या आणि तळून टोमॅटोत घातल्या. आता बहुतेक नळ्यांत एकेक फोड शिरली. खारवलेल्या रिकोत्ता चीजऐवजी पनीर दाबून, मीठ चोळून, फ्रीजमध्ये उघडे चार दिवस ठेवले आणि किसले. दोन दिवस ठेवलेले पनीर किसताना लगदा होत होते, म्हणून चार दिवस आवश्यक आहेत. या आकाराची भिंत सगळीकडे एकाच जाडीची असल्यामुळे शिजण्यात काही घोटाळा होत नाही आणि दोन मिनिटे अधिक झाली तरी नळी आपला आकार सोडत नाही. पाहुणे असताना हाच घ्यावा.

८ जून, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि मार्चमध्ये वाळवलेल्या दोन डब्यांपैकी कावातेल्लीच्या डब्यात आज हिरवी बुरशी निघाली. जुनी नोंद पाहिली, तेव्हा कारण सापडले: वजन मी फक्त ओरेक्किएत्तेचे केले होते आणि त्यांच्यासोबत वाळवलेले कावातेल्लीही झालेच असतील असे गृहीत धरले होते. कावातेल्लीचा बोटाखालचा भाग जाड असतो, त्यांना आणखी किमान एक दिवस हवा होता. ४५० ग्रॅम फेकून दिले, डबा गरम पाण्याने धुऊन ठेवला. यापुढे प्रत्येक आकाराचे पीठ वेगळे तोलायचे, डब्यावर पिठाचे आणि वाळल्यानंतरचे अशी दोन्ही वजने लिहायची, आणि पावसाळ्यात वाळवायचेच नाही. वळलेले तुकडे ताटात पसरून गोठवायचे आणि न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाकायचे. काल याची चाचणी घेतली, ताज्यापेक्षा दोनच मिनिटे अधिक लागली.

ओरेक्किएत्तेचा डबा स्वच्छ होता. शेवटचे २०० ग्रॅम आज केले. मुळ्याचा पाला चांगला मिळत नाही, म्हणून शेवग्याचा कोवळा पाला घेतला. बारा मिनिटे शिजवले, एकही कान फुटला नाही. फार्फालेचे पाकीटही मागच्या आठवड्यात संपले. फडताळात त्या जागी बन्सी रव्याची दोन किलोची बरणी ठेवली आहे.